खांबकाकांचा एक मीटर

जावयाने ते यंत्र चहाच्या कपाशेजारी ठेवलं तेव्हा खांबकाका खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या घराची मागची भिंत, भिंतीवरून उतरणारा पाइप आणि पाइपाच्या सांध्याला गुंडाळलेली निळी चिंधी. बायको गेली त्याला चार महिने झाले होते आणि चार महिने ते ही चिंधी बघत होते. ती कुणी गुंडाळली, कधी गुंडाळली, असला विचारही त्यांच्या मनात आला नव्हता. डोळे उघडे ठेवायचे तर ते कुठेतरी ठेवावे लागतात, तेवढंच.

खांबकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयाच्या मोजणी विभागात त्यांनी एकतीस वर्षं उंची मोजायची पट्टी धरली. तिपाईवर दुर्बीण लावून आकडा वाचणारे साहेब वेगळे. तीस-चाळीस पावलांवर ती चार मीटरची पट्टी सरळ उभी धरून राहणारा माणूस वेगळा. साहेबांचं वाचून होईपर्यंत त्याने हलायचं नाही, शिंकायचं नाही, ऊन लागतंय म्हणायचं नाही. काकांना हे काम असं काही साधलं होतं की एकदा म्हणे त्यांच्या खांद्यावर चिमणी येऊन बसली आणि आकडा वहीत उतरेपर्यंत त्यांनी तिला बसू दिलं. तेव्हापासून कार्यालयात, गल्लीत, वाण्याकडे, सगळीकडे ते खांबकाका. बायकोने हा किस्सा ऐकला तेव्हा ती म्हणाली होती, "चिमणीची तरी काय चूक? आत माणूस आहे हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं."

तर जावई. त्याचं खालच्या बाजारात सायकलींचं दुकान होतं. हातात ग्रीस आणि तोंडात बडबड, दोन्ही कधी संपायचं नाही. सासऱ्यासमोर मात्र तो जरा जपून बोले. त्याने सांगितलं की हे सायकलीच्या हँडलला लावायचं यंत्र आहे, एका कंपनीने आठ दिवस वापरून बघायला पाठवलंय, बरं वाटलं तर दुकानात ठेवायचं. वेग सांगतं, अंतर सांगतं, आणि मुख्य म्हणजे उंची सांगतं. आत हवेचा दाब मोजायची सोय आहे, वर चढलं की दाब कमी होतो, त्यावरून ते ओळखतं. मग म्हणाला, "मामा, तुम्ही रोज सायकलवर असता आणि उंचीतलं तुम्हाला कळतं. तुमच्याशिवाय दुसरं कोण तपासणार?"

हा सगळा बेत लेकीचा होता, हे काकांना कळत होतं. बाप घराबाहेर पडावा, चार लोकांत मिसळावा, निदान चिंधीकडे बघणं तरी सुटावं, म्हणून तिने नवऱ्याला पढवून पाठवलं होतं. एरवी त्यांनी "ठेवा तिकडे" म्हटलं असतं आणि आठ दिवसांनी ते यंत्र धूळ झटकून परत गेलं असतं. पण त्यांनी मान वळवली, काडेपेटीएवढं ते यंत्र तळहातावर घेतलं आणि विचारलं, "एका मीटरचा फरक दाखवेल?"

चार महिन्यांत त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. जावई इतका हरखला की दाखवेल की नाही याचा विचारही न करता म्हणाला, "दाखवणारच की."

हा एक मीटर काकांच्या पोटात सत्तावीस वर्षं होता.

त्या वर्षी वरच्या गल्लीत, म्हणजे काका राहत होते त्याच गल्लीत, नळ यायचे होते. त्यासाठी कार्यालयाच्या फाटकापासून वरच्या दवाखान्याच्या पायरीपर्यंत उंची मोजत न्यायची होती. टाकी किती उंच बांधायची ते त्याच आकड्यावर ठरणार होतं. मोजणी टप्प्याटप्प्याने चढते. एक टप्पा वाचून झाला की साहेब दुर्बीण उचलून वर जातात; पट्टीवाल्याने तेवढा वेळ त्याच दगडावर उभं राहायचं आणि साहेब वर पोचले की पट्टी जागच्या जागी त्यांच्याकडे वळवायची. साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "तोंड फिरवायचं, पाय उचलायचा नाही." पाय म्हणजे पट्टीचा पाय. तो मध्येच दुसऱ्या दगडावर गेला तर पुढचं सगळं तेवढ्याने चुकतं.

चढाच्या मधोमध एक छोटा पूल आहे. दुपारी तीनच्या सुमाराला काकांनी पट्टी पुलाच्या पायथ्याच्या दगडावर धरली होती. साहेबांनी आकडा घेतला, दुर्बीण खांद्यावर टाकली आणि ते चढू लागले. तेवढ्यात कार्यालयाचा शिपाई सायकल हाणत आला. मुलगी झाली होती, पण बायकोचं रक्त थांबत नव्हतं, दवाखान्यात ताबडतोब बोलावलं होतं. काकांनी पट्टी उचलून खांद्यावर घेतली आणि ते निघाले. चार पावलं गेले असतील नसतील, वरून साहेबांची शिट्टी आली. ते परतले, पट्टी टेकवली, साहेबांनी आकडा घेतला आणि पट्टी शिपायाकडे देऊन जा, असं हात हलवून सांगितलं.

पट्टी कुठे टेकवली? पायथ्याच्या दगडावर, की पुलाच्या कठड्यावर? हे त्यांना त्या दिवशीही सांगता आलं नसतं. एवढंच आठवत होतं की हाताला दगड गरम लागला होता. पायथ्याचा दगड सावलीत होता. ऊन होतं ते कठड्यावर. पुढे एका रविवारी त्यांनी टेप लावून दोन्हींतलं अंतर मोजलं. अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. म्हणजे मीटरच. पट्टी कठड्यावर गेली असेल, तर वरची गल्ली कागदावर खरी असते त्यापेक्षा एक मीटर खाली दिसणार होती आणि पाणी तिथवर पोचेल एवढी टाकी उंच होणार नव्हती.

बायको वाचली. लेक गुटगुटीत होती. वर्षाने नळ आले, गल्लीतल्या बायका बादल्या घेऊन उभ्या राहिल्या आणि नळाला सुतळीएवढी धार आली. एक बादली भरायला अकरा मिनिटं. पाणी यायचं पाऊण तास, करा हिशेब. नळ बसवणारा कारागीर पान्याने नळ ठोकून म्हणाला, "लेव्हल चुकली असणार." काका दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि ते आत गेले.

साहेबांना विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे आधी कबूल करायचं, आणि काकांना नोकरीत कायम करायची फाइल तेव्हा साहेबांच्याच टेबलावर होती. आज विचारू, उद्या विचारू करत फाइल पास झाली, मग साहेब दुसरीकडे गेले, मग परत आले, मग निवृत्त झाले. न विचारलेली गोष्ट जुनी झाली की विचारायची लाज वाटू लागते.

राहिलेलं पाणी पुलाजवळच्या खालच्या नळावरून आणावं लागे. बायको तीन खेपा करी. स्वयंपाकघरात तिने भांड्यांची ओळच लावली होती: पिण्याचं झाकण असलेल्या पिंपात, स्वयंपाकाचं पितळी पातेल्यात, भाजी धुतलेलं कोपऱ्यातल्या टोपात, ते पुढे फरशीला. एक तांब्याही वाया जात नसे. काकांनी पगारातून पहिली वस्तू घेतली ती सायकल, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन कॅन अडकवून ते रोज सकाळी कामावर जायच्या आधी पाणी वर आणू लागले. ताप असो, सुट्टी असो, खाडा नाही. बायकोला याचं नवल वाटायचं. "बाकीच्यांचे नवरे तांब्या उचलत नाहीत," ती म्हणे, "आणि हे बघा, काय पाप फेडताय कुणास ठाऊक." काका कॅनची झाकणं आवळत राहत.

ती स्वतः चढाबद्दल फारशी कुरकूर करत नसे. म्हणे, आपल्या गल्लीत यायला पाणी लाजतं, त्याला हात धरून आणावं लागतं. शेवटी शेवटी मात्र गुडघे गेले होते, आणि पुलापाशी कठड्यावर बादली टेकवून ती थांबायची. नेमकी त्याच कठड्यावर. चार महिन्यांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि पाच दिवसांत ती गेली. डॉक्टरांनी मोठं नाव सांगितलं, त्यात पाण्याचा, चढाचा काही संबंध नव्हता. काकांनी मान हलवली. त्यांना तेव्हा रडू आलं नाही, नंतरही आलं नाही. सगळं भिंतीपलीकडे चाललंय आणि आपण पट्टी धरून इकडे उभे आहोत, असं काहीसं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी यंत्र हँडलला बसवलं. थंडीचे दिवस होते, तोंडातून वाफ येत होती. ते कार्यालयाच्या फाटकाशी उतरले. फाटकाच्या उजव्या खांबाखाली दगडात बाण कोरलाय आणि त्याखाली आकडा, ५४८.२. समुद्रापासूनची उंची. हा दगड पक्का. याच्याबद्दल शंका नाही. वरच्या दवाखान्याच्या पायरीवर तसाच बाण आहे, ५७१.६. तो त्या दिवशीच्या मोजणीचा. मोजणी बरोबर असेल तर यंत्राने वर एकाहत्तर आणि वर काहीतरी दाखवायला हवं, चुकली असेल तर बहात्तर आणि वर काहीतरी.

यंत्राला उंची सांगायची सोय होती. काकांनी चष्मा कपाळावर सारून बटणं दाबली आणि फाटकाशी ५४८ लावलं. चढले. दवाखान्याच्या पायरीला चाक टेकवलं, आकडा स्थिर होईपर्यंत उभे राहिले, वहीत लिहिला. ५७२.

आत काही हललं नाही. त्यांना वाटलं होतं हलेल.

पण मोजणीवाला माणूस एका आकड्यावर घर बांधत नाही. साहेबांची पद्धत त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली होती: जिथून निघालो तिथे परत यायचं. परत आल्यावर निघतानाचाच आकडा मिळाला तर मोजणी मिटली. नाही मिळाला तर मध्ये कुठेतरी लबाडी आहे. ते खाली आले. फाटकाशी यंत्राने ५४९ दाखवलं. म्हणजे तेवढ्या वेळात हवेनेच एक मीटर चढवला होता. काकांनी त्यातला अर्धा वरच्या आकड्यातून वजा केला, ५७१ आणि अर्धा असं लिहिलं, यंत्राला पुन्हा ५४८ सांगितलं आणि पुन्हा चढले.

रोज तीन फेऱ्या. चौथ्यांदा चढताना पुलाजवळच्या नळावर कॅन भरून घ्यायचा. एकाच माणसाला आता एकच कॅन पुरे होत होता, त्यामुळे सायकल एका बाजूला ओढायची आणि ते दुसऱ्या बाजूला कलून चालवायचे. दुसरा रिकामा कॅन त्यांनी काढून ठेवला नव्हता. दवाखान्याची परिचारिका तिसऱ्या दिवशी विचारून गेली की काका, तब्येत दाखवायचीय का, रोज दारात येऊन परत जाताय. ते म्हणाले, नाही, पायरी बघतोय. तिने आत जाऊन कुणाला तरी हे सांगितलं असावं, कारण नंतर दोघीतिघी खिडकीतून बघत.

पाचव्या दिवशी आभाळ भरून आलं. रात्री खिडकीत ठेवलेलं यंत्र सकाळी सात मीटर वर गेलेलं होतं. जावई मागे विसरलेला पाना शोधायला आला होता, त्याने आकडा बघितला आणि म्हणाला, "मामा, घर चढलं की रात्रीत. असंच चढत राहिलं तर पुढच्या महिन्यात डोंगरावरची हवा." काकांनी त्या दिवसाच्या तिन्ही फेऱ्या घेतल्या आणि तिन्हींवर वहीत रेघ मारली. खाली-वर जुळतच नव्हतं.

आठव्या दिवशी लेक आली. दर रविवारी येई, डबे आवरी, पिंप घासून काढी आणि आईच्या ओळीतली भांडी पुन्हा त्याच ओळीत ठेवी. एखादं इकडचं तिकडे झालं तर काका उठून ते जागेवर ठेवत. तिच्यापुढे वही सरकवून ते म्हणाले, एवढ्या आकड्यांची सरासरी काढून दे. रेघ मारलेले सोडून. तिने फोनवर एकेक करून एकवीस आकडे टाकले. तोवर काकांनी तिच्याकडे न बघता नळाखालची बादली हलवली, पुन्हा होती तिथे ठेवली.

"पाचशे एकाहत्तर पॉइंट चार," ती म्हणाली. "हे कशाचं?"

त्यांनी तिला पुन्हा काढायला लावलं. तेच आलं. फाटकाशी यंत्राला न सांगितलेले दोन दशांश मिळवले की ५७१.६. म्हणजे पायरीवर कोरलेला आकडा बरोबर होता. म्हणजे गल्ली कागदावर होती तिथेच होती. तिच्याबरोबर आलेला जावई म्हणाला की एवढं काय मनावर घेता, एक मीटर इकडेतिकडे चालतंच, कंपनीच तसं छापते. मग यंत्राची बटणं दाबत त्याने कौतुकाने सांगितलं, "आठ दिवसांत साडेसातशे मीटर चढलात, मामा. या वयात."

"तुमच्या सासूबाई रोज," काका म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

यंत्र खोटं बोलतंय असं ठरवणं सोपं होतं. सत्तावीस वर्षं ज्याला आपण धरून आहोत ते एका खेळण्याच्या सांगण्यावरून कसं सोडायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी ते वही घेऊन साहेबांकडे गेले.

साहेब शहराच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावर राहत होते. पंचाहत्तरी ओलांडली होती, कानात यंत्र होतं, पण टेबलावर पेन्सिली अजून उंचीप्रमाणे लावलेल्या. त्यांनी काकांना खुर्ची दिली, पत्नीबद्दल ऐकलं म्हणाले, येता आलं नाही म्हणाले. काकांनी वही उघडून समोर ठेवली आणि पुलाची गोष्ट सांगितली. कठड्याची, शिट्टीची, गरम दगडाची. एकेक टप्पा सांगत गेले, जसा वहीत लिहितात तसा. साहेब ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"सत्त्याण्णव सेंटिमीटर," ते म्हणाले.

काकांनी वहीकडे बघितलं; हा आकडा तिच्यात कुठेच नव्हता.

"संध्याकाळी मोजत मोजत परत फाटकाशी उतरलो तर जुळेना. सत्त्याण्णवने फाटलं होतं. एवढी चूक दुर्बिणीची नसते, पट्टीच्या पायाची असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिपायालाच पट्टी दिली आणि पुलापासून पुन्हा चढलो. तू रजेवर होतास." मग म्हणाले, "कठडाच होता तर. मी दुसरा कुठला दगड असेल समजत होतो."

काकांनी विचारलं की मला का नाही सांगितलं. साहेब म्हणाले, ते पट्टीवाल्याला कधीच सांगत नसत. सांगितलं की माणूस घाबरतो, घाबरला की हात थरथरतो, आणि मग चार महिने एकही आकडा धड येत नाही. आणि फाइल? फाइल तर त्याच आठवड्यात पुढे पाठवली होती. ती पुढे अडली, टेबलावर नव्हतीच.

"मग पाणी का येत नाही?" काका म्हणाले.

"पाइप बारीक आहे तुमच्या गल्लीचा. तीन इंची मंजूर होता, दोन इंची पडला. त्याला उंचीचा काय संबंध? बदलायला हवा होता. एकदा अर्जही आला होता गल्लीतून, मी शेरा मारून वर पाठवला. वर म्हणाले, आपलाच माणूस राहतो त्या गल्लीत, त्याच्या घरची सही नाही, म्हणजे तक्रारीत काही दम नसणार." साहेब बोलता बोलता थांबले. त्यांनी काकांकडे बघितलं, आणि मग पेन्सिलींकडे. "चहा घेशील ना?" ते म्हणाले.

काकांनी चहा घेतला. तो गरम होता एवढं त्यांना कळलं.

परत येताना ते सायकल हातात धरून चालत होते. हलकं वाटेल, असं त्यांना सगळी वाट वाटत होतं. त्यांच्या चुकीने एक थेंबही अडला नव्हता. चूक झाली, दुसऱ्या दिवशी मिटली, आणि ते सत्तावीस वर्षं मिटलेल्या चुकीचं पाणी वाहत राहिले. पण अर्जाची गोष्ट खरी होती. लेक तेव्हा सात वर्षांची होती. गल्लीतल्या बायकांनी पाण्यासाठी अर्ज करायचं ठरवलं आणि तो लिहून घ्यायला त्या यांच्याच घरी आल्या, कारण अक्षर बायकोचं चांगलं. अर्ज तिनेच लिहिला होता. पहिली सही तिची. काका कामावरून आले, त्यांनी कागद बघितला, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे कठडा आला. लेव्हलची चौकशी होईल, वह्या उघडतील. ते म्हणाले, "आपलं नाव नको. मी तिथेच नोकरीला आहे." ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पेन घेऊन आपलं नाव खोडलं, नीट, एका रेघेत, आणि कागद पुढच्या घरी दिला. त्याबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही. त्या दिवशी तिने चार खेपा केल्या होत्या, हे मात्र त्यांना आठवत होतं.

पुलापाशी ते थांबले. कठड्यावर हात ठेवला. दगड गार होता. यंत्र चढ दाखवत होतं, सहा टक्के. ते वाट बघत राहिले, पण आत कुठूनच काही आलं नाही. मागून एक ट्रक हॉर्न देत आला तेव्हा ते बाजूला झाले.

घरी लेक होती. काल रात्री ती राहिली होती, बापाचा चेहरा बघून. तिने विचारलं कुठे गेला होतात, आणि काकांनी सांगितलं. सगळं सांगितलं: शिपाई, चार पावलं, गरम दगड, सत्त्याण्णव, शिपायाने पुन्हा धरलेली पट्टी. आईला त्यांनी जे कधी सांगितलं नाही ते तिला सांगताना त्यांचा आवाज आकडे वाचावेत तसा एकसारखा होता. ती ऐकताना हातातली पिशवी घडी घालत होती, उलगडत होती.

"म्हणजे माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तुम्ही दारातून पुलाकडे बघत बसायचात ते यासाठी," ती म्हणाली. मग हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली, "माझाच पायगुण म्हणायचा."

"पाय मी उचलला," काका म्हणाले. "तुझा काय संबंध."

मग त्यांनी अर्जाचं सांगितलं. यावर ती हसली नाही. तिला ते आठवत होतं. आई जमिनीवर कागद ठेवून लिहीत होती, आणि नाव खोडताना तिने कागदाखालचं शाळेचं पुस्तक सरळ केलं होतं, रेघ वाकडी जाऊ नये म्हणून. रागावली असेल तर तिने तसं दाखवलं नाही. नळाला पाणी आल्याचा आवाज झाला, पाइपातली हवा निघते तसा, आणि ती उठून बादली लावायला गेली.

काकांनी वही घेतली. आकड्यांची पानं उलटून मागचं कोरं पान काढलं आणि वर लिहिलं, वरच्या गल्लीचा पाइप दोन इंचाऐवजी तीन इंची टाकण्याबाबत. त्यांचं अक्षर चांगलं नव्हतं. पायरीची उंची लिहिली, फाटकाची लिहिली, दोन्हींतला फरक लिहिला, आणि उंचीत काही चूक नाही, मी स्वतः तपासली आहे, असं लिहिलं. एक बादली भरायला अकरा मिनिटं लागतात हेही लिहिलं. मग सह्यांसाठी ओळी आखल्या.

लेक मागून येऊन वाचत होती. यंत्र परत न्यायला जावई संध्याकाळी येणार होता. तो विचारेल, ती म्हणाली, त्याला काय सांगू?

काका म्हणाले, "ठेवा म्हणावं दुकानात. चांगलं आहे. फक्त रोज निघायच्या आधी त्याला आपण कुठे आहोत ते सांगावं लागतं. नाहीतर हवा पालटली की ते बसल्या जागी उंची बदलतं."

त्यांनी पेन उचललं आणि दुसऱ्या ओळीवर सही केली.

"बाबा, पहिली ओळ राहिली," लेक म्हणाली.

"असू दे."

तिने वाकून त्या कोऱ्या पहिल्या ओळीकडे पाहिलं. मोरीतून धारेचा बारीक आवाज येत होता. बादली अजून पाव भरली नव्हती. ती त्यांच्या शेजारी खाली बसली आणि दोघं ती भरायची वाट बघत राहिले.